बाद झालेलं एक मत

२ मार्च, सोमवार

तारीख लागली! सोळा मार्च, सकाळी अकरा, वरचं सभागृह. एक्केचाळीस नगरसेवक, गुप्त मतदान. आमच्याकडे एकवीस, पलीकडे वीस. म्हणजे कागदावर मी महापौर झालोच.

कागदावर मागच्या खेपेलाही झालो होतो.

इथे सगळं पुन्हा लिहून ठेवतो, म्हणजे रागाला धार राहील. अडीच वर्षांपूर्वी हीच माणसं, हाच आकडा. उमेदवारांनी आपापल्या खुर्चीत बसायचं, मोजणीच्या टेबलापाशी दोन्हीकडचा एकेक प्रतिनिधी. माझ्याकडून मास्तर, हसऱ्याकडून त्याचा भाचा. मोजून झालं आणि चिटणीसांनी वाचलं — वीस, वीस, आणि एक मत बाद. मग चिठ्ठी टाकली. चिठ्ठी हसऱ्याची निघाली. तेव्हापासून तो महापौर आणि त्याचं ते दात दाखवणं!

मत फोडायची ही सगळ्यात सोपी रीत. पलीकडे द्यायचं धाडस नाही, आपल्याला द्यायची दानत नाही — मग द्या कागद बिघडवून! एकवीसपैकी एकाने ते केलं. मी सोडून वीस. त्या वीस जणांबरोबर मी अडीच वर्षं जेवतोय, हसतोय, खांद्यावर हात टाकतोय.

त्याच्या आधीही एकदा उभा राहिलो होतो. चार मतं पडली. एक माझं, एक मास्तरांचं, बाकी दोघांनी बहुतेक चुकून दिली. त्याचं दुःख नाही. पण आलेलं ताट पुढ्यातून ओढून नेलं, ते विसरणार नाही.

४ मार्च, बुधवार

सकाळी आठपासून पुढच्या खोलीत रांग. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, रहिवासाचा दाखला, शाळेसाठी शिफारस. सही, सही, सही. मध्येच पेन सापडेना. टेबलाखाली, फायलीत, सतरंजीखाली शोधलं. मास्तर दारात येऊन उभे होते. "अरे, खिशात बघ. काखेत कळसा अन् गावाला वळसा!" खिशातच होतं. रांगेतले लोक हसले.

पेन त्यांनीच दिलेलं. पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा. जाड निबाचं, जांभळी शाई. "आता तुझ्या सहीला वजन आलंय. जपून कर," म्हणाले होते. सहावीत त्यांनी मला गणित शिकवलं, चाळिशीत राजकारण. पहिल्या प्रचारात ऊन असो, काही असो, माझ्यापुढे दोन पावलं चालत दारं ठोठावायचे.

आज कशाला आले होते, ते कळलं नाही. पाच मिनिटं बसले, पाणी प्यायले, गेले. रांगेत कोण कोण आहे ते बघून गेले का?

दुपारी हिने वाण्याची यादी पुढ्यात ठेवली — वाचून बघा म्हणून. मी खाली सही ठोकली. ती यादी आता फ्रिजवर चिकटवलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. "साहेबांनी साबण मंजूर केलाय!"

५ मार्च, गुरुवार

वकील आले. आमच्या गटात डोकं असलेला एकच माणूस. दार लावून बसलो. कोण फुटू शकतो, यावर एकेक नाव घेतलं.

शिंपीणबाई — हसऱ्याच्या घरचे सगळे कपडे हिच्याकडे शिवायला. मापं घेताना काय काय बोलणं होत असेल! पैलवान — प्रत्येक सभेत झोपतो. झोपलेल्या माणसाच्या मनात काय आहे, कोण सांगणार? वकिलांनी स्वतःचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. पण मनात घेतलं.

शेवटी तेच म्हणाले, "मास्तरांचं काय?"

मी म्हटलं, मास्तर माझ्या वडिलांच्या जागी आहेत.

"मग त्या दिवशी टेबलापाशी तेच होते ना? बाद मत त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. कसं बाद झालं, ते एकदा तरी सांगितलं का?"

नाही सांगितलं. तेच तर! त्या दिवशी जिन्यात मी भिंतीला टेकून रडत होतो. हो, रडत होतो. वहीत काय लपवायचं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "घरी जा. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी मी गेलो तो तडकच गेलो — कोण? नाव सांगा! बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माणसाचा हात चुकतो रे. सोडून दे."

कुणाचा हात चुकतो? हे एवढं प्रेमाने कोण बोलतं? ज्याचा चुकलाय तोच! चोराच्या मनात चांदणं.

हे आज पहिल्यांदा लिहिलं. अडीच वर्षं नुसतं मनात होतं.

८ मार्च, रविवार

गटाची बैठक, आमच्याच पुढच्या खोलीत. सगळे एकवीस हजर. पैलवानाला दोन खुर्च्या.

वकिलांनी युक्ती मांडली. मतपत्रिकेवर प्रत्येकाने एक बारीक ठिपका द्यायचा. कुणी डाव्या कोपऱ्यात, कुणी उजव्या, कुणी नावाच्या खाली. ज्याची त्याची जागा ठरलेली. मोजणीच्या वेळी आपला प्रतिनिधी बघेल. ज्याचा ठिपका नाही, तो गद्दार. मला तर ऐकूनच बरं वाटलं!

मास्तर उठले. "वेडे झालात का? कागदावर शिक्क्याशिवाय काहीही दिसलं — ठिपका, रेघ, काहीही — की मत बाद. एकवीसच्या एकवीस बाद होतील. नियम वाचा."

आणि हे सगळं बोलताना वकिलांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. सरळ माझ्या डोळ्यांत. का? युक्ती काय माझी होती?

बाकीच्यांनी माना डोलावल्या. युक्ती बारगळली. वकील जाताना कानाशी म्हणाले, "पकडलं जाण्याची भीती कुणाला असते, साहेब?"

मोजणीच्या टेबलापाशी या खेपेला वकील बसणार. मास्तरांना तसं सांगितलं. "बरं," म्हणाले. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. तोंड काय, करता येतं.

९ मार्च, सोमवार

मास्तरांच्या घरावरून दोनदा गेलो. बाहेर कुणाच्या चपला नव्हत्या. म्हणजे फोनवर बोलतात.

११ मार्च, बुधवार

महापालिकेच्या जिन्यात हसरा भेटला. मी वर, तो खाली. नेहमीसारखे दात. "तयारी जोरात?" मी म्हटलं, देवाची कृपा. दोन पायऱ्या उतरून वळला. "आपल्या माणसांवर जरा लक्ष असू द्या. मागच्या वेळेसारखं व्हायला नको. मला मेलं वाईट वाटलं होतं हो तेव्हा!"

याला वाईट वाटलं होतं! चिठ्ठी निघाली तेव्हा खुर्चीवरून उडाला होता.

पण "आपल्या माणसांवर" म्हणाला. म्हणजे याला नाव माहीत आहे. त्याचा भाचा होता ना टेबलापाशी! त्यानेही ते मत बघितलं. अडीच वर्षं त्या भाच्याच्या तोंडात तीळ भिजला — एरवी तो न विचारता सगळ्या गावाला सांगत सुटतो. का गप्प बसले दोघे? आपल्या कामाच्या माणसाला जपायला, दुसरं काय!

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही आता सावलीशीसुद्धा भांडाल." मास्तरांबद्दल बोललो तर ताटावरून उठूनच गेली.

१३ मार्च, शुक्रवार

सगळ्यांना शहराबाहेरच्या विश्रामगृहात आणून ठेवलं. म्हणायला सहल, खरं म्हणजे कोंडवाडा. एकवीस माणसं, नऊ खोल्या. बिस्किटांच्या मोठ्या डब्यात सगळ्यांचे फोन गोळा केले. डब्याला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. शिंपीणबाईंनी एक फोन दिला आणि पिशवीत दुसरा वाजला! "हा माझ्या सुनेचा हो, चुकून आला." तोही डब्यात. आता डबा अधूनमधून आतून गुणगुणतो.

पैलवान जेवून झोपला. बाकीचे पत्ते खेळतायत. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलोय, फाटकाकडे तोंड करून. उमेदवार मी, राखणदारही मीच.

मास्तरांनी फोन दिला तो दोन बटणं तुटलेला. "माझा घे बाबा, तसाही कुणी करत नाही."

१४ मार्च, शनिवार

पकडलं!

दुपारी चारच्या सुमारास सगळे पडले होते. मास्तर मागच्या दाराने निघाले. मी अंतर ठेवून मागे. फाटकापाशी चौकीदाराची टपरी. मास्तर आत वाकले, चौकीदाराचा फोन घेतला, पाठ फिरवून बोलले. दोन मिनिटं. फार तर तीन. ऐकू काही आलं नाही, पण शेवटी मान डोलावून "विसरू नकोस हं" म्हणाले, ते स्पष्ट ऐकलं.

परत आले तेव्हा मी वाटेतच उभा. कुणाला फोन?

दचकले. चक्क दचकले! "तुला सांगण्यासारखं नाही."

मग माझा तोल गेला. हाका मारून सगळ्यांना व्हरांड्यात जमवलं. पैलवानसुद्धा उठून आला. सगळ्यांच्या देखत बोललो, अडीच वर्षांचं सगळं. बाद झालेलं मत यांचं होतं. टेबलापाशी बसून यांनी स्वतःचंच पाप झाकलं. आज हसऱ्याला निरोप दिला. कुंपणच शेत खातंय! आवाज चढला होता माझा. "मास्तर" असंही म्हटलं नाही. "हा माणूस" म्हटलं.

शिंपीणबाई रडायला लागल्या. वकील नखं बघत होते.

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मला वाटलं आता नाकारतील, शपथ घेतील, निदान चिडतील. एवढंच म्हणाले, "बरं. सोळाला येतो मत द्यायला." पिशवी घेतली आणि चालत गेले. मोठ्या रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर असेल. गाडी द्या, असं मी म्हटलं नाही. त्यांचा फोन डब्यातच राहिला.

पण बरं वाटतंय. वाटायलाच पाहिजे.

१५ मार्च, रविवार

ते आले नाहीत तर वीस-वीस. आले आणि पलीकडे दिलं तर वीस-एकवीस. पुन्हा बाद केलं तर वीस-वीस, पुन्हा चिठ्ठी. हेच दिवसभर मांडत बसलो. आज पत्ते कुणी खेळलं नाही.

१६ मार्च, सोमवार

झालो! महापौर झालो!

क्रमाने लिहितो. सकाळी सगळ्यांना वकिलांच्या ताब्यात देऊन आंघोळीला घरी आलो. हिने सदरा इस्त्री करून ठेवलेला. खिशात रुमाल, ओळखपत्र, चष्मा. पेन नाही. विचारलं तर म्हणाली, "सापडलं नाही." असं कधी होतं का? मी शोधायला लागलो तर हिने अक्षरशः दाराबाहेर ढकललं. "उशीर होतोय, निघा आधी!" नजरेला नजर देत नव्हती. हिचंही काहीतरी आहे, हे तेव्हाच मनात आलं. पण आजच्या दिवशी बायकोवर कुठे संशय घ्यायचा!

सभागृहात सगळे हजर. मास्तरही. शेवटच्या रांगेत एकटे, धुतलेला सदरा. माझ्याकडे बघितलं नाही.

नाव पुकारलं तसा पुढे गेलो. हजेरीवर सही. मतपत्रिका मिळाल्याच्या पोचीवर सही. कारकुनाच्या दोरी बांधलेल्या पेनाने, ते धड उठतही नव्हतं. मग पडद्याआड. शिक्का मारला. आणि हात आपोआप खिशाकडे गेला — खिसा रिकामा! चुकल्यासारखं वाटलं, पायात चप्पल नसावी तसं. बाहेर येऊन कागद पेटीत टाकला.

मोजणी. वकील टेबलापाशी मान उंच करून. चिटणीसांनी वाचलं — एकवीस, वीस. बाद, एकही नाही.

ओरडाआरडा, हार, फोटो. पैलवानाने मला उचललं. हसरा आला, हात हातात घेतला आणि दात काढून म्हणाला, "या खेपेला सगळी मतं नीट पडली, नाही का?" काय माणूस आहे! हरला तरी हसतोच.

म्हणजे मास्तरांनी मत दिलं. वकील म्हणाले, "घाबरून दिलं. सगळ्यांच्या देखत नाव घेतल्यावर करणार काय? चाल बरोबर पडली, साहेब." पटलं. मी फोटोच्या गर्दीतून मान काढून शेवटच्या रांगेत बघितलं. गेले होते.

१७ मार्च, मंगळवार

पेन टेबलावर! जिथे रोज असतं तिथेच. कुठे होतं, विचारलं. "होतं इथेच कुठेतरी." काल या टेबलावर ते नव्हतं, हे मी कुठेही सांगेन.

महापौरांच्या खुर्चीला चाकं आहेत. हसऱ्याच्या बुडाने गादीला खड्डा पडलाय. बदलायला सांगितली.

२० मार्च, शुक्रवार

मास्तरांचा राजीनामा आला. नगरसेवकपदाचा. पोस्टाने! कारण — प्रकृती. अक्षर तेच, सहावीत फळ्यावर असायचं ते.

चार दिवस कुणाशी बोलत नाहीत म्हणे. दारही उघडत नाहीत. शिंपीणबाई जाऊन आल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही एकदा जा हो." मी का जाऊ? खाई त्याला खवखवे.

वकील म्हणाले, ठेवून घेऊ नका. मन बदललं तर परत मागतील. तुमची सही झाली की मग मात्र परत घेता येत नाही.

२४ मार्च, मंगळवार

राजीनामा मंजूर केला. त्यांच्याच पेनाने. सही करताना एक क्षण हात थांबला, हे खोटं कशाला बोलू. मग केली.

हिला सांगितलं नव्हतं, कुणाकडून तरी कळलं. आल्या आल्या विचारलं, "केलीत सही?" हो म्हटलं. खुर्चीत बसली ती बसलीच. मी म्हटलं, तुला काय एवढं? तर म्हणाली, "मला काही माहीत नाही. पण तुमचं चुकलंय."

माहीत नाही तर चुकलंय कशावरून?

२६ मार्च, गुरुवार

आज हातात घबाड आलं! चिटणीस सह्यांची फाईल घेऊन आले. त्यात एक कागद — मागच्या महापौर निवडणुकीच्या मतपत्रिका, मुदत संपली, नष्ट करण्यास मंजुरी. ते पाकीट दप्तरखान्यात आहे! सीलबंद! आणि ते उघडायचा अधिकार आता मला आहे.

मी म्हटलं, नष्ट करण्याआधी उघडायचं. माझ्या समोर.

चिटणीसांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. हा माणूस कधी आवाजसुद्धा चढवत नाही. "साहेब, निवडून आलात. झाकली मूठ झाकलेली राहू दे."

मूठ कुणाची? तुमची, की मास्तरांची?

"तुम्ही सही करून टाका. माझं ऐका. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

म्हणजे हाही सामील! मला तर आता अंगात वारं भरल्यासारखं झालंय. उद्या सकाळी दहाला उघडायचं. शाईचा डाग असेल, ओरखडा असेल, काहीतरी असेलच. मास्तरांचा हात मी सहावीपासून ओळखतो. तो कागद घेऊन त्यांच्या दारात जाईन आणि समोर धरीन. मग बघू "बरं" म्हणतात का.

२७ मार्च, शुक्रवार

उघडलं. चिटणीस, दप्तरखान्याचा कारकून आणि मी. बाद मत वेगळ्या लिफाफ्यात होतं.

माझ्या नावासमोर शिक्का. नीट, चौकटीच्या आत. आणि त्याच्या खाली जांभळ्या शाईत माझी सही. जाड निबाची, खाली दोन रेघा ओढलेली. तारखेसकट.

हजेरीवर सही, पोचीवर सही, आणि तिसरा कागद पुढ्यात आला, त्यावरही.

हसरा अडीच वर्षं का हसत होता, ते कळलं.

घरी येऊन हिला विचारलं, सोळाला पेन कुणी काढलं होतं? रडायला लागली. "मीच. मास्तरांचा फोन आला होता, चौदाला दुपारी. म्हणाले, सूनबाई, मतदानाच्या दिवशी त्याच्या खिशात पेन राहू देऊ नकोस. का ते विचारू नकोस, आणि त्याला सांगू नकोस. लाजेल."

वकिलांना फोन केला. मंजूर झालेला राजीनामा खरंच परत घेता येत नाही का, विचारलं. नाही म्हणाले.